निकटच्या नातेवाइकांसाठी सूचना

मानवजातीच्या प्रगतीचे दोन टप्पे पडतात. पहिल्यात माणसाने जिकडेतिकडे वायरी टाकल्या आणि दुसऱ्यात त्या काढून टाकल्या. आपण सध्या दुसऱ्या टप्प्यात आहोत. (पहिल्यातल्या वायरी अजून टेबलाच्या खणात आहेत. कुठली कशाची हे सांगता येत नाही, म्हणून त्या टाकवतही नाहीत.) टेलिफोनची वायर गेली, कानातल्या गाण्यांची गेली. राहता राहिलं होतं माणसाचं शरीर. तिथलं काम पाहण्यासाठी एका मोठ्या संस्थेत ‘शरीरांतर्गत विनातार वीजपुरवठा विभाग’ उघडण्यात आला. नाव लांबलचक असल्यामुळे पाटी दाराच्या दोन्ही फळ्यांवर मिळून लावावी लागली. उकाड्यात डावी फळी उघडली की उजवीवर नुसतं ‘वीजपुरवठा विभाग’ उरे आणि लोक बिल भरायला आत येत.

या विभागाच्या मुख्य इंजिनियरांना सगळे चकतीसाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत, पण आवाज खाली न आणता.

ज्यांचं हृदय मंद चालतं त्यांच्या छातीत एक छोटं यंत्र बसवतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याची बॅटरी संपते, हे मात्र बसवून घेतल्यावर कळतं. मग सेल बदलायला घड्याळ उघडावं तसा माणूस पुन्हा उघडावा लागतो. चकतीसाहेबांनी यावर उपाय काढला. कातडीखाली तारेचं एक वेटोळं ठेवायचं आणि तसंच दुसरं वेटोळं एका चकतीत घालून ती चकती बाहेरून छातीवर धरायची. वीज कातडीला न दुखवता आत जाते. रोज जेमतेम अर्धा तास पुरतो. अट एकच, दोन्ही वेटोळी समोरासमोर हवीत. चकती दोन बोटं सरकली तर वीज निम्म्याने घटते. चार बोटं सरकली तर चकती नुसती स्वतःच गरम होत राहते, जसे काही अधिकारी होतात. सगळं जागच्या जागी असलं की चकतीवर पाच हिरवे दिवे लागतात.

(जगाच्या वायरी काढायला निघालेला हा माणूस घरी स्वतःचा फोन चार्ज करताना वायर एका विशिष्ट कोनात वाकवून तिच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवत असे. शब्दकोशाचा या घरातला तेवढाच उपयोग, असं त्यांची बायको म्हणे.)

पहिल्या चाचण्या काकांवर झाल्या. काका म्हणजे माणसाच्या छातीएवढा, जिलेटिनसारख्या पदार्थाचा एक गोळा. त्याच्यातून वीज अगदी मांसातून जावी तशी जाते. काका आदर्श रुग्ण होते. ते श्वास घेत नसत, कूस बदलत नसत, दारावरची बेल वाजली म्हणून उठून जात नसत. काकांच्या अंगात एक्क्याऐंशी टक्के वीज पोचली. विभागाने स्वतःची पाठ स्वतः थोपटून घेतली आणि यंत्र माणसांसाठी तयार असल्याचं जाहीर केलं. माणसं काकांसारखी वागतील, हे अहवालात गृहीत धरलं होतं.

माणसांची निवड करायला समिती बसली. अर्जदारांमध्ये चकतीसाहेबांच्या आईही होत्या. हितसंबंधांचा प्रश्न येऊ नये म्हणून साहेब उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि काचेतून समितीकडे एकटक बघत राहिले. समितीने पूर्ण निःपक्षपातीपणे त्यांच्या आईची निवड केली.

आई त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांत एकट्या राहत. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावायचा आणि समोरच्या बोर्डावर एका गावाची वायर दुसऱ्या गावाच्या भोकात खुपसायची. ट्रंककॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं संपली की मध्ये बोलायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?” कोणाचं लग्न ठरत असो की कोणी गेल्याची बातमी जात असो, विचारायचं म्हणजे विचारायचं. एका अर्थी घराण्याचा धंदाच तो. आईने वायरी जोडल्या, मुलाने त्या काढल्या.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आईंच्या गालांवर रंग आला आणि जिना चढताना मध्ये उभं राहणं बंद झालं. यंत्राबरोबर एक पुस्तिका मिळे. ती चकतीसाहेबांनी स्वतः लिहिली होती आणि तिच्यातलं इशाऱ्याचं कलम त्यांना फार आवडे. चकती सरकली, साठा कमी झाला किंवा ठोके बिघडले, तर यंत्र आपण होऊन निकटच्या नातेवाइकाच्या फोनवर इशारा पाठवी. निकटचा नातेवाईक म्हणजे कोण, याचीही व्याख्या दिली होती: ‘ज्याचा क्रमांक रुग्णाने भरून दिला आहे असा इसम. (अंतराची अट नाही.)’

पहिला इशारा आला तेव्हा चकतीसाहेब मीटिंगमध्ये होते. ते नेहमीच मीटिंगमध्ये असत. आईचा साधा फोन आला तर खालच्या आवाजात “आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो” म्हणत. ‘नंतर’ हे त्यांच्या घरातलं कालमापनाचं एकक होतं, पण त्याची लांबी कोणी मोजली नव्हती. इशारा आला म्हटल्यावर मात्र ते खुर्ची मागे सारून धावत बाहेर आले.

“आई! चकती सरकलीये!”

“हो का? अगं बाई. थांब बघते.”

“आता किती दिवे आहेत?”

“दोन. नाही, तीन. अरे, समोरच्यांनी गॅलरीत केवढी झाडं लावलीत. त्यांची सूनही आता कामावर जायला लागली म्हणे.”

“आई, दिवे.”

“पाच झाले की कधीच. तू जेवलास का?”

चकतीसाहेब परत येऊन बसले तेव्हा विभागप्रमुखबाईंनी त्यांचं कौतुक केलं. यंत्र आणि नातेवाईक दोघेही वेळेवर चालले होते.

पुढच्या महिन्यात इशारे वाढले. नुसत्या आईंचे नाही, बऱ्याच जणांचे वाढले. विभागाने विचलन समिती नेमली. समितीत एक आकडेवाला होता. त्याला नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कामी येई. त्याने रात्रंदिवस डोकं खाजवून जे शोधून काढलं, ते समितीपुढे गंभीरपणे मांडण्यात आलं. जे रुग्ण घरच्यांबरोबर राहतात, त्यांच्यापैकी चार टक्क्यांची चकती सरकते. जे एकटे राहतात, त्यांच्यापैकी एकसष्ट टक्क्यांची. यावरून एकटं राहिल्याने कातडी गुळगुळीत होते, असा निष्कर्ष निघाला आणि खरबरीत पट्टा मागवण्यात आला. पट्ट्याने पुरळ उठलं, चकती सरकायची ती सरकतच राहिली. सुटीच्या दिवशी हे प्रमाण दुप्पट होई. म्हणजे सुटीत हृदय आपली जागा सोडतं की काय, यावर दोन सदस्यांचे मतभेद झाले. ते सुटीवर निघून गेल्याने मिटले.

सर्वांत गूढ बाब पुढेच होती. सरकलेली चकती निकटच्या नातेवाइकाचा फोन वाजताक्षणी जागेवर येत असे. बोलणं व्हायच्याही आधी, पहिल्या घंटीला. समितीतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी छातीठोकपणे सांगितलं, की फोनच्या लहरी चकतीला ओढून घेतात. त्याप्रमाणे रुग्णांनी चार्जिंगच्या वेळी फोन मांडीवर ठेवावा, अशी सुधारणा पुस्तिकेत झाली. ही सूचना न सांगताच अनेक जण पाळत होते, हे पाहून समितीला समाधान वाटलं.

एका आजोबांचं प्रकरण तर वेगळंच निघालं. नोंदणीच्या वेळी त्यांच्या मुलाच्या नंबरातला एक आकडा चुकला आणि इशारे एका लाँड्रीवाल्याकडे जाऊ लागले. लाँड्रीवाला भला माणूस. प्रत्येक इशाऱ्याला तो इस्त्री बाजूला ठेवून फोन करी, “आजोबा, ठीक आहात ना?” म्हणून विचारी आणि मग दोघांच्या बऱ्याच गप्पा होत. साऱ्या शहरात सर्वांत जास्त चकती या आजोबांची सरकायची. आकडेवाल्याने हा आकडा ‘असाधारण’ म्हणून गणतीतून वगळला.

चकतीसाहेबांनी शेवटी स्वतः तपासणी करायचं ठरवलं. पेटीभर मोजणीची उपकरणं घेऊन ते आईकडे गेले आणि सबंध दुपार समोर बसले. आईंनी चकती लावली, चहा केला, माळ्यावरचे फोटो काढून दाखवले, एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीची नक्कल करताना पोट धरधरून हसल्या. चकती तसूभर हलली नाही. पाचच्या पाच दिवे ढिम्म जळत होते. साहेबांनी शेरा लिहिला: ‘तज्ज्ञाच्या उपस्थितीत दोष आढळून आला नाही.’

“मग उद्या परत बघायला येशील?” आईंनी विचारलं.

“दोष नसताना कसा येणार?”

“हं,” आई म्हणाल्या. “ते खरंच.”

दुसऱ्या दिवशी दोष आढळला.

इतक्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एव्हाना प्रकाश पडायला हवा होता, असं वाचकांना वाटेल. पण प्रकाश पडण्यासाठी दोन गोष्टी समोरासमोर याव्या लागतात आणि चकतीसाहेबांना समितीची आणखी तीन सत्रं घ्यायची होती. शिवाय त्यांना या इशाऱ्यांचा आता कंटाळा आला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण वाटत होतं. ‘एकट्या रुग्णांमधील चकतीविचलन’ या विषयावर त्यांचं मोठं भाषण होतं, त्या दिवशी सकाळीच फोन थरथरला. त्यांनी इशाऱ्यांचा आवाज बंद केला, फोन पालथा घातला आणि आलेख दाखवायला उभे राहिले.

भाषण झकास झालं. प्रश्नोत्तरं लांबली. शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे इशाऱ्यांना नातेवाइकांचा प्रतिसाद कसा असतो या प्रश्नाला, त्यांनी “अत्यंत तत्पर” असं उत्तर दिलं आणि टाळ्या घेऊन खाली बसत फोन उलटा केला. इशाऱ्यांची चळत लागली होती. सर्वांत वरचा लाल होता: ‘साठा अत्यल्प.’

त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना.

चकतीसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. गाडी कशी काढली, सिग्नल कुठले लागले, त्यांना काही आठवत नाही. दाराला आतून कडी लावलेली नव्हती. आई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. डोळे उघडे होते, पण नजर नीट ठरत नव्हती. फोन मांडीवर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. आणि चकती हातात घट्ट धरलेली, छातीला टेकलेली, जागेपासून बरोबर चार बोटं दूर. दिवा एकही नाही.

साहेबांनी गुडघे टेकून चकती हातात घेतली. ती त्यांनीच बनवली होती, तरी घाईघाईत इकडेतिकडे सरकवून दोन दिव्यांच्या वर काही जमेना. आईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि चकती, खाली न बघता, जराशी वर सरकवली. पाच दिवे लागले.

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला.

बऱ्याच वेळाने, आईंच्या ओठांवर रंग आल्यावर, ते म्हणाले, “आई, तू मुद्दाम सरकवतेस.”

“मुद्दाम कशाला सरकवू?”

“आई.”

आई खिडकीबाहेर बघू लागल्या. “मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस,” त्या म्हणाल्या. “चकतीने केला की तू मीटिंगमधून उठून बाहेर येतोस. मग मी करायचं काय? दोन बोटं सरकवली की पूर्वी लगेच वाजायचा. आज वाजेना, म्हणून आणखी दोन सरकवली. मग गरगरायला लागलं. वाजत होता तो कळलं मला, पण हातच उचलेना.”

“मेली असतीस तू!”

“अरे, बंद नव्हती केली मी. सरकवली होती नुसती.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “चिडू नको ना. आलायस तर.”

चकतीसाहेबांना रडू आलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते मुलासारखे रडले आणि आई त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिल्या. (डोकं मांडीवर फार वेळ ठेवलं तर चकती सरकते, हे तिथेही त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ते उठले.)

घरी परतताना त्यांनी दोन निश्चय केले. एक, आईला रोज संध्याकाळी न चुकता फोन करायचा. दुसरा, चकती यापुढे कोणालाही, कितीही मनात आणलं तरी, सरकवता येता कामा नये. पहिला निश्चय मुलाने केला होता, दुसरा इंजिनियरने. त्यामुळे दुसरा टिकला.

नवी चकती वर्षाच्या आत तयार झाली. तिच्यात चुंबकाचं कडं होतं. छातीजवळ नुसती नेली की ती झडप घालून आपली जागा स्वतः शोधी आणि अर्धा तास होईपर्यंत सोडत नसे. आता कोणी गरगरून पडणार नव्हतं, ही गोष्ट निश्चितच चांगली होती. इशारे सत्त्याण्णव टक्क्यांनी घटले. त्याचबरोबर नातेवाइकांचे फोनही सत्त्याण्णव टक्क्यांनी घटले, असं आकडेवाल्याने दाखवून दिलं. नातेवाइकांचा अमूल्य वेळ वाचल्याची वेगळी नोंद झाली. चकतीसाहेबांचे रोजचे फोन आधी एक दिवसाआड, मग रविवारी आणि मग मीटिंगनंतर होऊ लागले. यंत्राकडून फोनवर हिरवी खूण येई: ‘सर्व ठीक.’ सर्व ठीक असताना फोन करून विचारायचं तरी काय?

तक्रारी मात्र आल्या. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, की नवं यंत्र बिघडत नाही. विभागाने त्या ‘प्रशंसा’ या सदरात जमा केल्या. लाँड्रीवाला तर स्वतः संस्थेत येऊन, आजोबांचे निरोप का बंद झाले, म्हणून विचारू लागला. पहारेकऱ्याने त्याला आत सोडायचं की नाही, याचा बराच काथ्याकूट झाला. तो नात्याचा कोणी नव्हता, पण विचारपूस निकटच्या नातेवाइकासारखी करी. बाकीच्यांचं नेमकं उलट होतं.

यथावकाश विभागाला मोठा पुरस्कार जाहीर झाला. समारंभाच्या दिवशी चकतीसाहेब नवा कोट चढवून सभागृहाबाहेरच्या खोलीत आपली पाळी येण्याची वाट बघत होते. करायला काही नव्हतं. त्यांनी फोन काढला. हिरवी खूण होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली आणि का कोण जाणे, आईचा नंबर लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“काय झालं?” आईंचा आवाज घाबराघुबरा झाला होता. “यंत्रात काही निघालं का? इथे तर पाच दिवे आहेत!”

“काही नाही गं. सहज केला.”

“सहज?”

“सहज.”

“मेलं, घाबरले ना मी,” आई म्हणाल्या. मग समोरच्यांच्या झाडांना फुलं आल्याचं सांगितलं, त्यांच्या सुनेने नोकरी सोडल्याचं सांगितलं, जेवलास का विचारलं. आणि मध्येच, नोकरीतल्या त्या जुन्या, गोड आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, “तीन मिनिटं झाली. वाढवायची का?”

साहेबांनी पाहिलं. अजून दोनही झाली नव्हती. आई त्यांना सुटायला वाट करून देत होत्या.

“वाढव,” ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन थरथरला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आईंच्या यंत्राने इशारा पाठवला होता: ‘हृदयाचे ठोके वाढले. कारण अज्ञात.’

आत सभागृहात त्यांचं नाव तीनदा पुकारलं गेलं. शेवटी विभागप्रमुखबाईंनी जाऊन पुरस्कार घेतला आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं सांगितलं.

त्या इशाऱ्याची विभागाने गंभीर दखल घेतली. निष्कारण आलेल्या फोनमुळे रुग्णाचे ठोके वाढतात, यंत्रावर ताण येतो आणि साठा लवकर उतरतो, हे आकडेवाल्याने सप्रमाण सिद्ध केलं. त्यानुसार पुस्तिकेत नवी सूचना घालण्यात आली: ‘निकटच्या नातेवाइकांनी सहज फोन करणे टाळावे.’ खाली सही चकतीसाहेबांची आहे, कारण पुस्तिका त्यांचीच. ते स्वतः ही सूचना रोज संध्याकाळी मोडतात, अशी तक्रार आली असून चौकशी चालू आहे.

इतर सर्वांकडून मात्र पालन उत्तम होत आहे. किंबहुना ज्यांच्या घरच्यांना कसलंही यंत्र बसवलेलं नाही, अशा असंख्य वाचकांनी ही सूचना निघायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती काटेकोरपणे पाळली आहे. त्याबद्दल संस्था आपली आभारी आहे.